दोन हात जाडीच्या भिंतीतली खिडकी

सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला, पहिल्या पाण्याला अजून अवकाश आहे. या मोकळ्या पंधरवड्यात आमच्या जुन्या माळवदाच्या घराच्या तीन खिडक्या मी आणि चुलतभावानं मिळून बदलल्या. चौकटी सुताराकडून करून आणल्या, बाकी काढणं-बसवणं सगळं हातानं. काम चालू असताना एक प्रश्न सारखा डोक्यात होता: एवढं मोठं घर, सात खणांचं, दोन हात जाडीच्या भिंती, आणि खिडक्या मोजून तीनच का? त्याचं उत्तर शोधता शोधता बरंच काही हाती लागलं. म्हणून आजची नोंद पिकाची नाही, खिडकीची.

आधी माळवद म्हणजे काय ते लातूर-धाराशिव-सोलापूरबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर किलचणं, त्यावर पाला आणि वर फूट-दोन फूट पांढरी माती. पांढरी म्हणजे गावठाणातली माती. आपल्याकडे शेताला काळी आणि गावाला पांढरी म्हणतात ते उगाच नाही. ही माती पाणी धरत नाही, धोपटून बसवली की वरून पाऊस वाहून जातो. दर उन्हाळ्यात थोडी नवी माती टाकायची. असं करत करत पिढ्यान्‌पिढ्या छताचं वजन वाढत जातं. बाजूच्या भिंती काळ्या दगडाच्या, दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत जाड, दर्जा भरलेल्या चिखलाच्या.

अशा घरात उजेड भिंतीतून येत नसे, वरून येत असे. माळवदाला भोक ठेवायचे, त्याला साणं म्हणतात. चुलीचा धूर त्यातूनच बाहेर आणि दुपारचं ऊन त्यातूनच आत. पाऊस आला की कुणीतरी पोरगं वर पळायचं आणि साण्यावर परात किंवा फुटकी घागर पालथी घालायचं. मग पाऊस थांबेपर्यंत आत अंधार, आणि चूल पेटलेली असली तर डोळे चुरचुरतात ते वेगळंच. आपल्या आज्या-पणज्यांच्या खोकल्याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण माजघरातल्या तुळयांवरची काजळी बघितली की अंदाज येतो.

खिडकी नसण्याची कारणं लोक सांगतात ती खरीच आहेत. चोर-दरोडेखोरांची भीती, उन्हाळ्यातली झळ, धूळ, आणि बायकांनी रस्त्यावरून दिसू नये ही जुनी समजूत. पण भिंत उघडून बघितल्यावर मला वाटतं सगळ्यात मोठं कारण गवंड्याचं होतं. चिखलात रचलेल्या ओबडधोबड दगडाच्या भिंतीत भोक ठेवायचं म्हणजे भोकाच्या वरचे दगड कशावर तरी तोलायला हवेत. त्याला एक तर लांब घडीव दगड पाहिजे, नाही तर कमान, नाही तर जाड लाकूड. घडीव दगडाला पाथरवट लागतो, कमानीला कसबी गवंडी आणि चुना लागतो. हे वाड्यावाल्यांना परवडायचं. साध्या कुणब्याच्या घरात लिंबाच्या नाही तर बाभळीच्या पाट्या टाकून काम भागवायचे, आणि पाटी जेवढी आखूड तेवढी बरी. म्हणून खिडकी अडीच फुटांची, उंचावर, एका बाजूलाच.

बरं, आपल्या पूर्वजांना खिडकी माहीत नव्हती असं अजिबात नाही. संस्कृतात खिडकीला गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळा आणि वातायन म्हणजे वाऱ्याची वाट असे शब्द आहेत. कार्ल्याच्या लेण्यात दर्शनी भागाला घोड्याच्या नालेसारखी जी प्रचंड कमान आहे ती खिडकीच आहे, सगळ्या चैत्यगृहाला तिथूनच उजेड मिळतो. आत छताला लावलेल्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. तेवढं लांब जायची गरज नाही. आमच्या तेरणेच्याच काठी तेर आहे, जुनं तगर, ज्याचा उल्लेख पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात आहे. तिथल्या त्रिविक्रम मंदिराची मागची बाजू अर्धगोल आहे, सगळं विटांचं काम, आणि दर्शनी बाजूला तीच नालेसारखी कमान. तेरलाच उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट होती, ती आता तिथल्या लामतुरे संग्रहालयात ठेवली आहे. हजार वर्षांहून जुनं लाकूड आहे ते. चौकटीच्या लाकडाला पाणी आणि वाळवी लागली नाही तर ते किती टिकतं हे ज्याला बघायचंय त्यानं तेरला जाऊन यावं. आमच्या घराच्या चौकटी शंभर वर्षंसुद्धा टिकल्या नाहीत, कारण त्यांचा खालचा पाट कायम ओला राहिला.

खिडकीच्या सामानाची नावं हा एक वेगळाच मजेशीर प्रकार आहे. बिजागरी हा आपला शब्द वाटतो ना? तो पोर्तुगीज आहे. बिसाग्रा वरून बिजागरी. चावीसुद्धा त्यांचीच. गोव्यात तर खिडकीलाच जनेल म्हणतात, तेही पोर्तुगीज. बिजागरी गावात येण्याआधी दाराच्या फळीलाच वर-खाली दोन गोल टोकं ठेवायचे, ती उंबऱ्याच्या आणि वरच्या पट्टीच्या खळग्यात फिरायची. जुन्या वाड्यांची दारं अजून तशीच आहेत, उघडताना कुरकुरतात. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याची तावदानं असत. चपट्या, पातळ शिंपल्या घासून चौकोनी करायच्या आणि लाकडी पट्ट्यांत बसवायच्या. दुधासारखा उजेड आत येतो, पाऊस बाहेर राहतो. समुद्र जवळ असेल तर हे जमतं, आम्हाला मराठवाड्यात शिंपली आणणार कोण. आमच्या खिडकीला लाकडी झडपा. झडप बंद म्हणजे रात्र.

काच का नव्हती, तर ती खेड्यापर्यंत पोचायचीच नाही. स्वदेशीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. प्रत्येकानं वर्षाला निदान एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी पाठिंबा दिला आणि १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. तिथे काच कशी करायची हे शिकून गेलेल्या मंडळींनी पुढे ठिकठिकाणी कारखाने काढले. १९१६ साली कराडजवळ ओगले मंडळींचा कारखाना उभा राहिला, तोच ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील. आमच्या माडीवर एक अजून आहे. गंमत बघा, काच आमच्या घरात आधी कंदिलाच्या चिमणीच्या रूपानं आली, बाटलीच्या रूपानं आली, बांगडीच्या रूपानं तर कधीचीच होती, पण खिडकीत यायला तिला आणखी पन्नास-साठ वर्षं लागली. सपाट मोठी काच करणं हे फुंकून चिमणी करण्यापेक्षा फार अवघड काम. त्यावर खरा तोडगा इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं काढला आणि १९५९ साली जाहीर केला. वितळलेल्या कथलावर वितळलेली काच तरंगवायची, म्हणजे दोन्ही बाजूंनी आपोआप सपाट, घासायची गरज नाही. आज तालुक्याच्या दुकानात कापून मिळणारी पारदर्शक काच याच पद्धतीची असते.

सरकारला आपल्या खिडक्यांची काळजी वाटायला लागली ती प्लेगमुळे. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. रोग अंधारात आणि कोंदट हवेत वाढतो अशी त्या वेळच्या डॉक्टरांची पक्की समजूत. मग पथकं घरात शिरायची, छपराची कौलं काढायची म्हणजे आत ऊन पडेल, चुना मारायची, आणि जे घर राहण्यालायक नाही असं वाटेल त्यावर तसा शिक्का मारायची. पुण्यात हेच काम रँडच्या हाताखाली ज्या दांडगाईनं झालं त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री चापेकरांच्या गोळीनं झाला, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलंय. पुढच्याच वर्षी, १८९८ साली, कराचीत सायमंड नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं दाखवलं की रोग उंदराच्या पिसवांमुळे पसरतो. म्हणजे कौलं काढून प्लेग हटणार नव्हता. पण घराला उजेड आणि हवा हवी हे डोक्यात बसलं ते बसलंच, आणि एरवी ते काही चूकही नव्हतं. पुढे मुंबईत इमारतीवर किती अंशांत उजेड पडला पाहिजे याचेही नियम झाले. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, १९४८ पर्यंत. हे नियम आमच्या पांढरीत कुणी आणले नाहीत.

आता किल्लारी. आमचं गाव किल्लारीपासून फार लांब नाही, त्यामुळे दगडाच्या भिंतीबद्दल बोलायचं आणि हे टाळायचं असं होऊ शकत नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून गाढ झोपलेले. भूकंप ६.२ ते ६.४ च्या दरम्यानचा. जगात याच्यापेक्षा मोठे भूकंप वरचेवर होतात आणि कित्येकदा दहा-वीस माणसंसुद्धा दगावत नाहीत. आपल्याकडे सरकारी आकडाच आठ हजारांच्या जवळ गेला. मारलं ते भिंतींनी आणि छतावरच्या मातीनं. नंतर अभ्यास करणाऱ्यांनी सांगितलेली गोष्ट मी स्वतः चौकट काढल्यावर डोळ्यांनी बघितली: आपली भिंत ही एक भिंत नसते. बाहेरचा दगडांचा पडदा वेगळा, आतला पडदा वेगळा आणि मधे दर्जा, माती, खडे. दोन्ही पडद्यांना शिवणारा लांब दगड गवंड्यानं मधूनमधून टाकायला हवा, पण असा दगड घडवायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून तो टाकलेलाच नसतो. हादरा बसला की मधला भराव खाली बसतो, पाचरीसारखा दोन्ही पडद्यांना ढकलतो, आणि एक पडदा आत, एक बाहेर पडतो. पुष्कळ घरांत लाकडी खांब-तुळया नंतरही उभ्या होत्या, भोवतालची भिंत मात्र झोपलेल्या माणसांवर. आमच्या घराची मागची भिंत अशीच बाहेर पडली, आत पडली असती तर ही नोंद लिहायला मी नसतो. आईनं त्यानंतर सहा वर्षं घरात पाठ टेकली नाही. अंगणात पत्र्याचं शेड, त्यातच स्वयंपाक, त्यातच झोप. एप्रिल-मे मध्ये त्या पत्र्याखाली काय होतं ते मराठवाड्यात वेगळं सांगायला नको, पण दगडापेक्षा पत्रा बरा ही भावना घरोघरी होती.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा कार्यक्रम झाला. ५२ गावं नव्या जागी हलवली, आणि त्याहून कितीतरी जास्त गावांत घरं दुरुस्त आणि मजबूत करायची योजना आली. ही दुसरी योजना मला जास्त महत्त्वाची वाटते. त्यात पैसे आणि साहित्य टप्प्याटप्प्यानं घरमालकाला मिळायचं आणि काम त्यानं स्वतः करून घ्यायचं. गावोगावच्या बायकांना संवाद सहाय्यक म्हणून नेमलं, त्यांनी लोकांना काम समजावून सांगितलं. आपल्याकडे सरकारी कामात असं क्वचित होतं. भिंतीला शिवायची जी युक्ती तेव्हा शिकवली ती अशी: थोड्या थोड्या अंतरावर हलक्या हातानं दोन्ही बाजूंचा एकेक दगड काढून आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई घालायची, आणि काँक्रीट भरायचं. म्हणजे जो लांब दगड गवंड्यानं घातला नाही तो आता आपण घातला. शिवाय खिडक्या-दारांच्या वरच्या पातळीला सगळ्या भिंतींना कवेत घेणारा सलग पट्टा.

त्याच मार्गदर्शनात खिडकीबद्दलही सांगितलेलं असतं आणि ते प्रत्येकानं घरात लिहून ठेवावं असं आहे. एकमजली दगडी घरात खिडकी-दार कोपऱ्यापासून निदान दोन फूट लांब पाहिजे. दोन भोकांच्या मधे निदान दोन फूट सलग भिंत पाहिजे. आणि सगळ्या भोकांची रुंदी मिळून भिंतीच्या लांबीच्या निम्म्यावर जाता कामा नये. हल्ली लोक शहरातलं बघून जुन्या भिंतीत सहा फुटांची स्लायडिंग खिडकी बसवायला निघतात. अल्युमिनियमवाला पोरगा येतो, टेप लावतो, उद्या बसवतो म्हणतो. भिंत कशाची आहे हे त्याला विचारायचं सुचत नाही आणि घरमालकही सांगत नाही.

आम्ही भोक एक इंचही वाढवलं नाही. मग बदलायचंच कशाला, असं भावानं पण विचारलं. दोन कारणं. एक उजेडाचं. जुन्या झडपा लाकडी, पावसात आणि थंडीत बंद, म्हणजे खिडकी असून वर्षातले निम्मे दिवस अंधार. काचेची झडप लावली की बंद असतानाही उजेड येतो, तेवढ्याच भोकातून. दुसरं कारण जास्त गंभीर. पश्चिमेच्या झडीनं खालचा पाट कुजला होता आणि पाणी तिथून भिंतीच्या पोटात जात होतं. मातीच्या भरावात पाणी मुरलं की माती खाली बसते, भिंतीला पोट सुटतं. किल्लारीत जे एका मिनिटात झालं त्याची ही संथ तयारी समजा. आमच्याकडे अजून अधूनमधून जमिनीतून आवाज येतात, मोबाईलवर मेसेज फिरतात, लोक बाहेर येऊन बसतात. कुजकी खिडकी ठेवून रात्री झोपणं बरं नाही.

आता अवजारं. गावगाड्यात सुतार बलुतेदार होता. नांगर, कुळव, पाभर नीट करून देणं हे बलुत्यात, त्याबद्दल खळ्यावर धान्य. घराचं काम मात्र बलुत्यात येत नसे, त्याचे पैसे वेगळे ठरवावे लागत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिलं, त्यात या सगळ्या देण्याघेण्याचं वर्णन आहे, शेतकऱ्याच्या घरात असावं असं पुस्तक आहे. शिवाय सुगीच्या आणि पेरणीच्या दिवसांत सुतार मोकळा कधी असणार. सुताराकडे वाकस, करवत, रंधा, पटाशी, किंकरं, गुण्या, आणि भोक पाडायला दोरीनं फिरवायचा सामता. एका चौकटीला किती दिवस लागत असतील विचार करा. घराला तीनच खिडक्या असण्यामागे हेही आहेच.

हातात धरायचं ड्रिल मशीन आलं तेव्हा ते पिस्तुलासारखं झालं ते काही योगायोगानं नाही. अमेरिकेतल्या ब्लॅक आणि डेकर या दोघांनी पिस्तुलाची मूठ आणि घोडा बघूनच तो आकार ठरवला, १९१७ साली त्याचं पेटंट मिळालं. त्याआधी विजेचं ड्रिल होतं, जर्मनीत १८९५ साली, पण ते बोजड. आपण ज्याला गिट्टी म्हणतो, स्क्रूसाठी भिंतीत ठोकतो ती, त्याची कथा तर आणखी मजेशीर. १९११ च्या सुमाराला लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींना इजा न करता विजेचं सामान बसवायचं होतं. रॉलिंग्ज नावाच्या ठेकेदारानं तागाचे धागे जनावराच्या रक्तानं चिकटवून नळी केली, ती भोकात घातली आणि स्क्रू पिळला की फुगून घट्ट. ताग म्हणजे आपल्या बंगालचं पीक. पुढे १९५८ साली जर्मनीच्या आर्टुर फिशरनं नायलॉनची केली, आजची गिट्टी त्याच वंशातली.

पण ध्यानात ठेवा, गिट्टी ही विटेच्या आणि काँक्रीटच्या भिंतीसाठी आहे. आपल्या दगड-चिखलाच्या भिंतीत ती कामाची नाही. भोक सांध्यात पडलं तर माती भुरभुर बाहेर येते, दगडात पाडायला गेलं तर हॅमर ड्रिलच्या हादऱ्यानं आजूबाजूचे दगड सुटे होतात. बिट जळते ते वेगळंच, काळा दगड आहे तो. म्हणून आम्ही चौकटीला जुन्या पद्धतीचे लोखंडी होल्डफास्ट लावले आणि ते चुन्यात पक्के केले.

ग्राइंडर १९५४ सालचा, तोही जर्मनीचा, फ्लेक्स नावानं विकला जायचा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो. आपल्याकडे पहिल्या दिवशीच त्याचा गार्ड काढून फेकतात, चकती अडकते म्हणून. चकती फुटली की तुकडा कुठे जाईल ते कुणाच्या हातात नसतं. गार्ड ठेवा, चष्मा लावा, आणि लाकूड कापायचं दातेरी पातं त्यावर चढवू नका. जुने गज कापताना ठिणग्या वीस फूट उडतात, तेव्हा कडब्याची गंज कुठे आहे ते आधी बघा. आम्ही भिंतीजवळचा कडबा हलवला, खाली ओलं पोतं टाकलं, मगच मशीन चालू केलं. चौकटीचे खिळे कापायला मात्र साधं हेक्सॉचं पातं हातात धरून वापरलं, कारण तिथे ग्राइंडर शिरत नाही आणि हादराही नको.

सगळ्यात उपयोगी अवजार निघालं ते म्हणजे टेकू. उभ्या नळीला पीन आणि आटे असलेला लोखंडी जॅक सेंटरिंगवाले वापरतात तो. हा १९३० च्या दशकात लंडनमध्ये विल्यम डी व्हिजिए या स्विस माणसानं काढला. त्याच्या वकिलाचं नाव आर्थर क्रो, त्यावरून मालाचं नाव ॲक्रो पडलं. आमच्याकडे सेंटरिंगवाल्याकडून दोन भाड्यानं आणले आणि खिडकीजवळच्या तुळईखाली लावले, खाली जाड फळी टाकून. त्यानं छताचं ओझं सांभाळलं. पण अडीच बाय तीन फुटांच्या खिडकीत हा जॅक मावत नाही. तिथे भिंत दोन फूट आणि चौकट चार इंच, म्हणजे चौकटीच्या आतल्या बाजूला भरपूर खोली आहे. त्या जागेत दोन्ही कडांना बाभळीचे ओंडके उभे केले, वर पाट्यांखाली आडवी फळी, आणि खाली ट्रॅक्टरचा बॉटल जॅक लावून फळी नुसती टेकेपर्यंत दाबली. उचलायची नाही, टेकवायची. मग दोन्ही ओंडक्यांखाली पाचरी ठोकल्या आणि जॅक काढून घेतला, कारण बॉटल जॅक तासातासानं थोडा थोडा बसतो, त्याच्या भरवशावर भिंत ठेवून जेवायला जायचं नसतं.

जुनी चौकट अख्खी ओढून काढायची नाही. उभ्या लाकडाला मधोमध करवतीनं कापायचं, मग दोन तुकडे आतल्या आत वळवून घ्यायचे. ओढली की होल्डफास्टबरोबर दगड बाहेर येतो आणि त्याच्यामागे पाटीभर माती. पाट्या तपासल्या, एक पोकळ निघाली, ती बदलली, एका वेळी एकच. माप घेताना रुंदी वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी घ्यायची आणि सगळ्यात कमी भरेल ती धरायची, त्यातून दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडायची. चौकट बसवली की कर्ण मोजायचे, दोन्ही सारखे भरले म्हणजे काटकोनात. उभ्याला ओळंबा, आडव्याला पाणसळ. बुडबुड्याची लेव्हल १६६१ साली फ्रान्सच्या तेव्हनोनं काढली म्हणतात, आमच्याकडे तीही होती, पण पाण्यानं भरलेला पारदर्शक पाईप मला जास्त खरा वाटतो. ठिबकचं काम करणाऱ्याला तो सांगायला नको.

चौकटीच्या भोवतीची फट सिमेंटनं भरू नका. सिमेंट कडक, भिंत मऊ, पाणी मधे अडकतं. पूर्वी बैलाच्या घाणीत चुना मळायचे, आम्ही चुना आठवडाभर आधी भिजवून वाळूत मळला. खालच्या पाटाला बाहेरच्या बाजूला उतार दिला आणि पाटाच्या पोटाला बाहेरच्या कडेशी करवतीनं एक खाच मारली, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं, मागे भिंतीकडे वळत नाही. लाकूड आमच्याच बांधावरच्या लिंबाचं, तीन वर्षं सावलीत वाळवलेलं, वाळवी त्याला सहसा लागत नाही.

तीन झाल्या. स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या भिंतीला चौथी पाडावी असं घरातल्यांचं म्हणणं आहे, धुरासाठी, आणि मागणी रास्त आहे. पण त्या भिंतीला ओळंबा लावला तर मधे दीड इंच पोट आलंय, आणि तिथे भूकंपानंतरच्या सळया टाकलेल्या नाहीत. आधी भिंत शिवून घ्यायची, मग वरचा पट्टा, मग खिडकीचं बघू. तोवर चुलीवरच्या साण्याला पत्र्याची टोपी करून बसवली, चारी बाजूंनी चार-चार बोटं उघडी, धूर जातो आणि पाऊस येत नाही. ज्यांच्याकडे माळवद आहे त्यांना टोपीचं माप हवं असेल तर सांगा, भोक दीड फूट असेल तर पत्रा अडीच फुटांचा घ्या.